शेजारच्या केंद्राला बाधा न आणता टीव्हीचे चॅनेल कसे नेमावे

पुणे परिसरात टीव्हीच्या भूप्रक्षेपणासाठी, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रसारणासाठी, चॅनेल नेमताना नकाशावर वर्तुळे काढण्याआधी समोच्चरेषा पाहाव्यात. येथे चॅनेल म्हणजे कार्यक्रमांची वाहिनी नव्हे, तर यूएचएफ या अतिउच्च वारंवारतेच्या पट्ट्यातला 8 मेगाहर्ट्‌झचा तुकडा. क्रमांक 21 हा 470 ते 478 मेगाहर्ट्‌झ, आणि पुढचे त्याच क्रमाने. प्रक्षेपक सिंहगडावर आहे असे धरू; सिंहगड शहरापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. या उंचीच्या वर्गमुळाला 4.12 ने गुणल्यास रेडिओ-क्षितिज, म्हणजे आडोसा नसताना लहरी एरवी जिथवर पोहोचतात ते अंतर, सुमारे 113 किलोमीटर येते. पश्चिमेला सह्याद्रीची धार ते बरेच छाटते. पूर्वेला दौंडकडे तसा सलग आडोसा नाही, म्हणून तेच चॅनेल वापरणारे केंद्र त्या बाजूला अधिक दूर ठेवावे.

खरा हिशेब प्रेक्षकाच्या छपरावर करावा. मीटरमागे एक मायक्रोव्होल्ट ही शून्यरेषा धरून, सेवाक्षेत्राच्या कडेला आपले क्षेत्रबळ (तिथे पोहोचलेल्या लहरींची ताकद) 56 डेसिबल आहे आणि डिजिटल प्रक्षेपणाला 20 डेसिबलचे संरक्षण लागते, म्हणजे ते परक्यापेक्षा तितके वरचढ असावे लागते, असे समजू. उरले 36. शेजारचे केंद्र छपरावरच्या अँटेनाच्या पाठीमागे असेल, तर 16 डेसिबलची सवलत मिळते. मात्र 95 टक्के ठिकाणी चित्र टिकावे यासाठी सुमारे 13 वजा करावे लागतात. म्हणजे परके क्षेत्रबळ 39 पर्यंतच चालेल. आपले क्षेत्रबळ 50 टक्के वेळेचे, म्हणजे निम्मा वेळ तरी मिळणारे, पण परके 1 टक्का वेळेचे, म्हणजे क्वचितच गाठले जाणारे, घ्यावे. नवखे नेमके इथेच चुकतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार थर बसला की लहरी वाकून क्षितिजापलीकडे पोहोचतात, आणि एरवी निमूट असलेले दूरचे केंद्र अचानक त्रास देऊ लागते.

चॅनेल 38 आधीच बाजूला काढावे. ते 606 ते 614 मेगाहर्ट्‌झचे आहे, आणि भारतात 608 ते 614 हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठीही राखलेला आहे. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सिंहगडापासून नव्वदेक किलोमीटरवर असल्याने या भागात हा नियम कागदापुरता राहत नाही.

चॅनेल अपुरे पडल्यास, कार्यक्रम एकच असेल तर, सर्व प्रक्षेपक एकाच वारंवारतेवर समकालिक चालवता येतात. त्यासाठी उशिरा आलेला संदेश सामावून घेणारा 224 मायक्रोसेकंदांचा संरक्षक अवकाश ठेवल्यास दोन संदेशांच्या मार्गांतील सुमारे 67 किलोमीटरपर्यंतचा फरक पचतो.

प्रस्ताव दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे धाडण्यापूर्वी हद्दीवरच्या काही गावांत 10 मीटर उंचीच्या काठीवर अँटेना लावून मोजणी करावी, आणि त्यांतली एक तरी थंडीतल्या पहाटेची असावी.