वाचून झालं, आता पुढचं कुठलं?

वाचनालयात पुस्तक बदलायला जायचं, ‘नवीन काय आलंय?’ म्हणून विचारायचं आणि हाताला लागेल ते घेऊन यायचं, असं आपल्यापैकी बरेच जण करतात. नाशिककरांना तर १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’, आहे. सावानाच्या कपाटांपुढे उभं राहिलं की निवड आणखीच अवघड होते. पण पुढचं पुस्तक कुठलं, याचा माग बरेचदा नुकत्याच संपवलेल्या पुस्तकातच लागतो. तो काढायला एक वही आणि रविवारची मोकळी सकाळ पुरते.

१. आधी आठवा, मग कपाट उघडा

गेल्या पाच-सहा महिन्यांत काय काय वाचलं, त्याची यादी पुस्तकांकडे न बघता करा. मग घरातलं कपाट, वाचनालयातल्या नोंदी, मोबाइलमधली ई-बुकं असं सगळं बघून राहिलेली नावं दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहा. विसरलेलं पुस्तक वाईटच असतं असं नाही. दवाखान्यातल्या रांगेत तुकड्यातुकड्याने वाचलेली चांगली कादंबरीसुद्धा मनातून निसटते. अशा नावापुढे फुली मारू नका, ‘पुन्हा’ असं लिहून ठेवा. अर्धवट सोडलेली पुस्तकंही यादीत घ्या आणि कितव्या पानावर सोडली तेही टिपा.

२. प्रत्येक पुस्तकाला चार ओळी

गोष्ट काय होती ते लिहित बसू नका. ते मलपृष्ठावर छापलेलं असतंच. पहिल्या ओळीत डोळ्यांसमोर राहिलेला प्रसंग, पान क्रमांकासह. दुसरीत लेखकाचं न पटलेलं म्हणणं. तिसरीत पुस्तक मिटल्यावरही न सुटलेला प्रश्न. चौथीत हे पुस्तक तुम्ही कुणाच्या हातात द्याल त्या माणसाचं नाव आणि का द्याल ते.

‘भाषा सुंदर आहे’, ‘खूप आवडलं’ असं लिहिलं तर महिन्याभराने त्यातून काहीच हाती लागत नाही. आवडलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. आणि तिसऱ्या ओळीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढचं पुस्तक तिथूनच मिळतं.

३. प्रश्नाचा धागा धरून चला

समजा, तुम्ही नुकतंच ‘नटसम्राट’ वाचलंत. आपल्या तात्यासाहेबांचं, म्हणजे शिरवाडकरांचं हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागू त्यात बेलवलकर झाले. त्याच्यामागे शेक्सपिअरचा लिअर आहे हेही आपण ऐकलेलं असतं. पण तुमच्या तिसऱ्या ओळीत प्रश्न असा असेल की, सगळं मुलांच्या नावावर करताना या माणसाला कुणी अडवलं कसं नाही? तर मग लिअर हातात घ्याच. विंदा करंदीकरांनी केलेला ‘राजा लिअर’ मराठीत आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की एक गोष्ट ठळक दिसते: लिअरच्या दरबारात राणी कुठेच नाही, बेलवलकरांच्या घरात मात्र कावेरी आहे. सावध करणारं माणूस घरातच आहे आणि तरीही व्हायचं ते होतं. शिरवाडकरांचं नाटक लिअरपासून कुठे वेगळं होतं, ते मला इथे सगळ्यात स्पष्ट जाणवतं.

या एका धाग्याला पुढे किती फाटे फुटतात बघा. शेक्सपिअर मराठीत कसा आला याची ओढ लागली, तर शिरवाडकरांचंच ‘राजमुकुट’, म्हणजे मॅकबेथ, आणि त्याआधीचा आगरकरांचा ‘विकारविलसित’, म्हणजे हॅम्लेट. रंगमंचावरच्या माणसाची ओढ लागली, तर डॉ. लागूंचं ‘लमाण’ हे आत्मचरित्र.

धागा गावाचाही असू शकतो. कुसुमाग्रजांची कविता वाचून झाली असेल, तर बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ चा कथासंग्रह घ्या. बागुलांचा जन्म १९३० चा, नाशिकजवळच्या विहितगावचा. त्याच वर्षी मार्चमध्ये इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. बागुलांच्या कथा वाचून त्या सत्याग्रहाचा इतिहास वाचावासा वाटला, तर पंचवटीतल्या ओळखीच्या रस्त्यांकडेही तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

४. कल कुठे आहे ते बघा

आता यादी एकदा वरून खाली वाचा. सगळे लेखक एकाच पिढीतले आहेत का? बायकांनी लिहिलेली किती? अनुवाद किती? ललितेतर एखादं तरी आहे का? एकाच लेखकाचं ओळीने सगळं वाचलं असेल तर त्यात वावगं काही नाही, ते मनापासूनचं वाचन आहे. फक्त रिकामी जागा दिसली की तिथलं एक पुस्तक पुढच्या यादीत घाला.

५. वाचनालयात उभ्यानेच तपासा

नावं ठरली की मगच पुस्तक बदलायला जा. पहिलं पान सगळेच जपून लिहितात, म्हणून मधलं एखादं पान उघडून दोन परिच्छेद वाचा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव बघा आणि एखादा संवाद ओठांतल्या ओठांत म्हणून पाहा. अडखळायला झालं तर दुसरा अनुवाद शोधा. शेवटी संदर्भसूची असली तर ती नक्की चाळा, तिथे पुढच्या वर्षभराचं वाचन सापडतं. लांबलचक प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी असं माझं मत आहे, दुसऱ्याचं मत आधीच डोक्यात नको. नवे लेखक शोधायचे असतील तर दिवाळी अंकांसारखी जागा नाही. कथा आवडली की लेखकाचं नाव वहीत टिपा आणि त्याचं पुस्तक आहे का ते विचारा.

६. तीनच निवडा

एक धाग्यातलं, एक रिकाम्या जागेतलं आणि एक निव्वळ आनंदासाठी. कुठलं कधी वाचणार तेही ठरवून टाका. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्याला जाता-येता तासन्‌तास मिळतात, बसायला जागा मिळाली तर जाडजूड चरित्र तिथे सहज पुढे सरकतं. कविता घरी, रात्री, मोठ्याने वाचायला ठेवा. साठ-सत्तर पानांनंतरही मन लागत नसेल तर पुस्तक खुशाल परत करा, फक्त का सोडलं ते एका ओळीत लिहा.

आणि नवं पुस्तक घरी आणलं की पहिलं पान उलटायच्या आधी वहीत तारीख टाका, त्याखाली लिहा: हे मी का आणलं.