टेक्सासमध्ये टू-स्टेप नाचायला जाताना

टू-स्टेप म्हणजे कंट्री संगीतावर जोडीने करायचा नाच. ऑस्टिनमध्ये असाल तर १९६४ पासून चालू असलेला 'ब्रोकन स्पोक' हा डान्स हॉल गाठा. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. २१ वर्षांखालच्यांना दारू मिळत नाही. बूट चामडी तळव्याचेच घाला. रबरी तळवा जमिनीला धरतो, पाऊल सरकत नाही आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो.

पावलं चार: दोन जलद, दोन संथ. नेणारा डाव्या पायाने पुढे, जोडीदार उजव्याने मागे. उड्या नकोत, पाय सरकवत न्या. नवखे हमखास संथ पावलात घाई करतात आणि ताल सुटतो. तिथेच सबुरी हवी.

सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट फिरतात. बाहेरची कड वेगवानांची, म्हणून सुरुवातीला आतल्या बाजूला राहा. मध्येच थांबलात तर मागची जोडी येऊन धडकते. अनोळखी माणसाला नाचायला विचारणं इथे रीतीचंच. नकार आला तर आग्रह मात्र करू नका.