डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) कसा वाचायचा

रिपोर्टवर ‘लिम्फोसाइट 30 टक्के’ (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसलं की तिथेच थांबू नका. वरचा एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा घ्या आणि गुणा: 9000 चे 30 टक्के, म्हणजे 2700. पुष्कळ लॅब शेजारी मोठ्या माणसाची मर्यादा छापतात, त्यात 2700 आरामात बसतात. वर्षभराच्या बाळात मात्र हा आकडा साधारण 4000 च्या वर असतो. माझी मुलगी ओवी लहान असताना मी कागदावर पेनाने तिचं वय लिहायचे, आकड्याभोवती गोल काढायचे, मगच डॉक्टरांपुढे ठेवायचे. घाईच्या ओपीडीत त्याचा उपयोग होतो.

आपल्या मुलांत हा आकडा कमी येणं नवल नाही. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी लहान असते, तिथून बाहेर पडणाऱ्या नव्या टी पेशी कमी, बी पेशीही कमी; या दोन्ही लिम्फोसाइटच. म्हणून लगेच घाबरायचं नाही. मूल कितीदा आणि किती गंभीर आजारी पडतंय, हे सोबत बघायचं. वर्षात दोनदा न्यूमोनिया, सतत वाहणारा कान असं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली संरक्षक प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी) आणि टी-बी पेशींची मोजणी करायची का, हे स्पष्ट विचारा. आयजीजी हा इम्युनोग्लोब्युलिनचा एक प्रकार; तो एकूण नॉर्मल असूनही त्यातला आयजीजी2 हा उपप्रकार कमी असू शकतो.

एमसीव्हीकडेही, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराकडेही बघा. या मुलांच्या लाल पेशी मुळातच जरा मोठ्या असतात, त्यामुळे लोह कमी होऊन त्या लहान झाल्या तरी एमसीव्ही नॉर्मल दिसतो. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या.

आता नातेवाइकांनी सुचवलेली ‘इम्युनिटी वाढवणारी’ सिरपं. माझ्या सासूबाईंनी दोन आणली होती, दोन्ही कपाटातच राहिली. या मुलांची प्रतिकारशक्ती नुसती कमी नसते, काही बाबतीत ती जास्तच पेटलेली असते. इंटरफेरॉनचा (विषाणू आला की पेशी सोडतात त्या इशाऱ्याच्या प्रथिनाचा) संदेश पकडणारे चार जनुक 21व्या गुणसूत्रावरच आहेत, आणि ते गुणसूत्र इथे तीनदा आहे. थायरॉइड, सिलियाक (गव्हातलं ग्लूटेन न सोसणं) यांसारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार या मुलांत जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण मानतात. तेव्हा सिरपचे पैसे टीएसएचला, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीला लावा: जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने, पुढे दरवर्षी. न्यूमोकॉकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची) लस सरकारी दवाखान्यात मिळते. फ्लूची बहुधा खासगीत, दरवर्षी, पावसाळ्याआधी घेतलेली बरी.