लग्नाचे फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारच, मग फोटोग्राफरने काम कसं करायचं

सदाशिव पेठेतलं कार्यालय असो नाहीतर वाकडचं लॉन, अक्षता पडून पाच मिनिटं होत नाहीत तोवर मावशीच्या मोबाईलमधला फोटो फॅमिली ग्रुपवर गेलेला असतो. यावर चिडू नका, त्यांचा आनंद खरा आहे. पण त्या घाईत आपलं काम खराब दिसायला नको, तेवढं बघायचं.

बुकिंग घेतानाच मुलीच्या मामाशी नाहीतर दादाशी बोलून ठेवा की अंतरपाट धरला की स्टेजसमोर मोबाईलवाले नकोत, कारण अंतरपाट बाजूला होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो आणि नेमके तेव्हाच दहा हात वर होतात. गुरुजींनाही आधी भेटा, शेवटचं मंगलाष्टक सुरू करताना माझ्याकडे एकदा बघा म्हणावं, बहुतेक गुरुजी ऐकतात.

मग त्याच दिवशी, जेवणं चालू असतानाच, निवडक आठ-दहा फोटो घरच्यांना देऊन टाका. कॅमेऱ्याच्या वायफायवरून फोनवर घ्यायचे, हलकं एडिट करायचं, इन्स्टासाठी १०८० बाय १३५० ला क्रॉप करायचे. रंग एसआरजीबीमध्येच, म्हणजे फोन आणि वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीतच ठेवा, कारण जास्त रंग मावणाऱ्या अ‍ॅडोबी आरजीबीची फाईल तशीच पाठवली तर बऱ्याच फोनवर पैठणीचा रंग पार मरतो आणि लोक म्हणतात फोटोग्राफरला रंगच कळत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अल्बम. १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, नीट छापायचं तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, म्हणजे तोच फॉरवर्ड होऊन छपाईच्या लॅबला गेला की छापताना फाटणारच, म्हणजे अस्पष्ट, चौकोनी ठिपक्यांचा दिसणार. शिवाय फाईलचं नाव बदलतं, मग क्लायंटने निवडलेला फोटो शोधत बसा. म्हणून ओरिजिनल पेनड्राईव्हवर किंवा ड्राईव्हच्या लिंकने द्या, अगदीच घाई असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, आणि निवड फाईल नंबर लिहूनच मागा.

आणि शूट करताना तुमचा वेळ फोनला जमत नाही तिथे घाला. उजेडात फोन उत्तम काढतात, ते मान्य करा. पण कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत आणि रंगीत एलईडीत चेहऱ्याचा रंग जपायचा, फ्लॅश छतावर मारून मऊ उजेड आणायचा, कानपिळीच्या वेळी भावाचा हात आणि मागे बसलेल्या आजीचं हसू एकाच फ्रेममध्ये धरायचं, यासाठी आधीपासून जागा धरून थांबावं लागतं. मला तरी कला म्हणतात ती हीच वाटते, आणि लोक पैसे देतात ते यासाठीच.

कोटेशनमध्ये एक ओळ मात्र विसरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो क्लायंट असतो. त्यामुळे आपल्या पेजवर फोटो टाकायचे असतील तर तशी परवानगी लेखी घ्या, आणि नवरा-नवरी दोघांचीही सही घ्या.