सायलेन्सरचा गंजलेला नट न तोडता काढायचा असेल तर

खानापूर-जांबोटीकडचा पाऊस खाल्लेली बाइक असेल, तर बेंड पाइपचे (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी) नट हमखास जाम झालेले असतात. जोर लावला की नट सुटत नाही, इंजिनातला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो, आणि मग लेथवाल्याकडे हेड (इंजिनाचा वरचा भाग) घेऊन जायची पाळी.

१. आदल्या रात्री थंड इंजिनावर तारेच्या ब्रशने स्टडचे आटे घासा. लाल भुकटी झडून चकाकी दिसली पाहिजे. मग रस्टॉलीन किंवा डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारं तेल) मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा.

२. नटाला सगळीकडून धरणारा बॉक्स पानाच घ्या (लहान गाड्यांना बहुधा १० नंबर). फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना कडा गोल करतो. नट आधी किंचित आवळा, ‘कट्’ आवाज आला की सोडवा. अडला तर परत आवळा, तेल, परत सोडवा. इथे घाई नको.

३. सायलेन्सर परत बसवताना जुनी गॅस्केट (सांध्यातून धूर गळू न देणारी चकती) वापरू नका, नवी स्वस्तात मिळते. सायलेन्सरचा मागचा बोल्ट ढिला ठेवून पुढचे दोन्ही नट आलटून-पालटून आवळा, मागचा शेवटी.

पहिल्यांदा चालू केल्यावर राहिलेलं तेल जळून थोडा धूर येतो. गाडी अंगणातच चालू करा, बंद शेडमध्ये अजिबात नको. सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.