एमी बीच अभ्यासायची, तर गाण्यापासून

पियानो, गायन किंवा संगीतशास्त्र शिकायला अमेरिकेत निघालेली आपल्याकडची मुलं बरेचदा विचारतात, की तिथल्या रचनाकारांपैकी अभ्यासाला कोण घ्यावं? कोपलँड आणि गर्श्विन त्यांनी ऐकलेले असतात. त्यांच्या आधीची, जर्मन रोमँटिक परंपरेत मुरलेली बॉस्टनची पिढी मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. मी पुण्यात पियानोच्या ग्रेड परीक्षा देत वाढले आणि पुढे बॉस्टनमध्ये मास्टर्स करताना याच पिढीतली रचनाकार आणि पियानोवादक एमी बीच हिच्यावर प्रबंध लिहिला. त्या अभ्यासात जे हाती लागलं, त्यातलं नवख्याच्या उपयोगाचं इथे लिहिते आहे.

पहिला सल्ला हा, की तिच्या सिम्फनीपासून (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेपासून) सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात, कारण अमेरिकन स्त्रीनं लिहिलेली आणि छापून आलेली ती पहिली सिम्फनी. निबंधाची प्रस्तावना त्या एका वाक्यावर सहज उभी राहते. पण बीच मुळात गाणी लिहिणारी बाई होती. शंभराहून जास्त गाणी तिनं लिहिली, आणि तिच्या मोठ्या रचना उलगडू लागलं की आत पुन्हा पुन्हा तिचंच एखादं गाणं सापडतं. ते आधी गळ्यात बसलेलं असेल, तर मोठी रचना आपली वाटायला लागते.

याची मुळं तिच्या बालपणात आहेत. एमी मार्सी चेनी ५ सप्टेंबर १८६७ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावी जन्मली. आई पियानो वाजवायची, गायची. वर्षाची असताना मुलीला चाळीस गाणी सुरात म्हणता येत होती, असं घरच्यांनी लिहून ठेवलं आहे. आईनं तिला सुरुवातीला पियानोला हात लावू दिला नाही. चार वर्षांची असताना ती उन्हाळ्यात आजोबांच्या शेतावर गेली, तिथे वाद्यच नव्हतं. तिनं मनातल्या मनात तीन वॉल्ट्झ रचले आणि घरी आल्यावर वाजवून दाखवले. प्रत्येक स्वरपट्टी तिला रंगात दिसायची: सी मेजर पांढरी, ए फ्लॅट निळी, जी लाल. तिची गाणी वाजवताना पट्ट्यांची निवड बघत चला. पाच-सहा फ्लॅट (कोमल स्वर) असलेल्या पट्ट्या ती हौसेनं घेते, आणि गायकाच्या सोयीसाठी आपण पट्टी बदलली की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

पुढचा भाग विद्यार्थ्यांनी सगळ्यात बारकाईनं वाचावा असा आहे. तिला युरोपातल्या कॉन्झर्व्हेटरीत पाठवा, असं जाणकार सांगत होते. आईवडिलांनी बॉस्टनमध्येच ठेवलं. पियानोला अर्न्स्ट पेराबो आणि नंतर कार्ल बेअरमान असे चांगले गुरू मिळाले. रचनेचं शिक्षण मात्र ज्युनियस हिल यांच्याकडे १८८१–८२मध्ये एक वर्ष हार्मनी आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटी गुंफण्याचं तंत्र), एवढंच. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर विल्हेल्म गेरिके यांचा सल्ला घेतला, तेव्हा ते म्हणाले, थोरांच्या रचना समोर ठेवून स्वतःच शिका. त्या काळात तरुण पुरुष रचनाकाराला असा सल्ला सहसा मिळत नसे. त्याला जर्मनीला पाठवत. होरेशियो पार्कर आणि जॉर्ज चॅडविक म्युनिकला राइनबर्गरकडे शिकून आले होते.

तिनं तो सल्ला शब्दशः पाळला. बाखचे फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येते अशा रचना) आठवणीतून लिहून काढायचे, प्रत्येक आवाज वेगळ्या ओळीवर. बेर्लियोझचा वाद्ययोजनेवरचा ग्रंथ फ्रेंचमधून स्वतःपुरता भाषांतरित करायचा. मैफलीत ऐकलेल्या सुरावटी घरी येऊन स्वतः वाद्यांत बसवायच्या, मग मूळ स्कोअरशी (पूर्ण स्वरलिपीशी) ताडून बघायच्या. मी यातली फ्यूगची रीत धरली. बाखच्याच वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअरच्या पहिल्या खंडातला सी मायनर फ्यूग घ्या, तीनच आवाज आहेत. पाठ करा, पुस्तक बंद करा, तीन ओळींवर लिहा. मधला आवाज अडतो. तो सुटला की बीचच्या पियानोलेखनात आतल्या बोटांमध्ये सरकणारे अर्धस्वर ऐकू यायला लागतात, आणि तिचा रोमँटिक रंग बराचसा त्या मधल्या आवाजांत आहे.

ऑक्टोबर १८८३मध्ये, सोळाव्या वर्षी, तिनं बॉस्टनच्या म्युझिक हॉलमध्ये मोशेलेसचा जी मायनर कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) वाजवून पदार्पण केलं. १८८५मध्ये बॉस्टन सिम्फनीबरोबर शोपँचा एफ मायनर कॉन्चेर्तो वाजवला आणि त्याच डिसेंबरमध्ये तिचं लग्न झालं. डॉ. हेन्री हॅरिस ऑब्रे बीच हे नामांकित सर्जन, वयानं तिच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठे. जाहीर कार्यक्रम वर्षाला एखाद-दोनच, मानधन धर्मादाय कामाला, पियानोच्या शिकवण्या करायच्या नाहीत, असं ठरलं. रचना मात्र कर, असं नवऱ्याचं सांगणं होतं. रचना शिकवायला शिक्षक नेमायला त्याचा विरोध होता. या लग्नाबद्दल लिहिताना विद्यार्थी एकतर नवऱ्याला खलनायक करतात, नाहीतर आश्रयदाता. मला दोन्ही पटत नाही. तिच्या बहुतेक मोठ्या रचना त्या पंचवीस वर्षांत झाल्या, त्यासाठी लागणारी स्वस्थता त्या घरात होती. पण अठरा वर्षांच्या एका पियानोवादिकेचं मंच हिरावून घेतलं गेलं, आणि त्याची भरपाई रचनांनी झाली असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

लग्नाचा एक परिणाम अभ्यासकाला रोज भेटतो. छापील रचनांवर नाव असतं मिसेस एच. एच. ए. बीच. ग्रंथालयात किंवा जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना हे नाव, माहेरचं एमी मार्सी चेनी आणि आजचं एमी बीच अशी तिन्ही टाकून बघा. एका नावानं शोधलंत तर अर्धा माल हाती लागणार नाही. तिचे कागद, पत्रं, रोजनिशा यांचा मोठा संग्रह डरममध्ये युनिव्हर्सिटी ऑफ न्यू हॅम्पशरला आहे. जाण्याआधी तिथल्या अभिलेखपालांना मेल करा, काय हवं ते नेमकं सांगा. ‘बीचबद्दल जे असेल ते’ अशा मागणीला उत्तर देणं त्यांनाही अवघड जातं.

आता गाणी. पहिलं छापून आलेलं गाणं ‘द रेनी डे’, लाँगफेलोच्या कवितेवर, १८८३चं. त्यानंतर ओपस (रचनेचा क्रमांक) ४४, इंग्रज कवी ब्राउनिंगच्या तीन कविता. त्यातलं ‘द इयर्स अ‍ॅट द स्प्रिंग’ तिला आगगाडीच्या प्रवासात चाकांच्या लयीवर सुचलं. पियानोत ती तिहेरी लय शेवटपर्यंत थांबत नाही आणि गाणं मिनिटाभरात संपतं. पियानो शिकणाऱ्यांनी एखादा गायक मित्र गाठून ही तीन गाणी बसवावीतच. गायकांनी उलट करावं, साथीचा भाग स्वतः हळू लयीत वाजवून बघावा.

त्यापुढची पायरी पियानोचा बॅलड, ओपस ६. बर्न्सच्या ‘अ रेड, रेड रोझ’ या कवितेवरचं तिचं गाणं ओपस १२मध्ये आहे; बॅलड त्याच सुरावटीवर उभा आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाजवा. ज्यांचा हात अजून तेवढा तयार नाही त्यांनी ओपस ३६चा ‘चिल्ड्रन्स अल्बम’ घ्यावा. ओपस १५च्या चार स्केचेसपैकी ‘ड्रीमिंग’ पाचव्या-सहाव्या ग्रेडच्या पुढच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखं आहे. ‘फायरफ्लाइज’ला थांबा. त्यातले उजव्या हाताचे दुहेरी स्वर मनगट कडक असेल तर दुखापत करतील.

स्वरलिप्यांसाठी पैसे लागत नाहीत. ती १९४४मध्ये गेली, त्यामुळे भारतातला कॉपीराइटचा हक्क कधीच संपला. अमेरिकेतही १९३०च्या आधी छापलेल्या रचना मोकळ्या आहेत. आयएमएसएलपी या मोफत स्वरलिप्यांच्या संकेतस्थळावर बहुतेक जुन्या आवृत्त्या आहेत, बऱ्याचशा तिचा प्रकाशक आर्थर श्मिट याच्या.

मग पियानो कॉन्चेर्तो, सी शार्प मायनर, ओपस ४५. एप्रिल १९००मध्ये तिनं स्वतः बॉस्टन सिम्फनीबरोबर वाजवला, कंडक्टर गेरिकेच. याच्या दुसऱ्या भागात ‘एम्प्रेस ऑफ नाइट’ आणि तिसऱ्यात ‘ट्वायलाइट’ ही ओपस २मधली गाणी आहेत, आणि दोन्हींचे शब्द डॉ. बीच यांचे. दुसऱ्या भागात वाद्यवृंद गाणं म्हणतो आणि पियानो एक क्षण न थांबता धावत राहतो. बंदिश पाठ असलेला श्रोता विस्तारात कुठेही असला तरी मुखड्याकडे कान लावून असतो, तसं इथे होतं. नवऱ्याचे शब्द, वाद्यवृंदाशी झगडणारा एकल पियानो, आणि समोर बसलेली स्वतः ती. काही अभ्यासक यात आत्मकथा वाचतात. ते वाचन मोहक आहे, पण आधी स्वर दाखवा, मग आयुष्याकडे बोट करा. माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंधाचं हे प्रकरण याच कारणानं परत लिहायला लावलं, आणि ते सुधारलं.

इथपर्यंत आलात की ‘गेलिक’ सिम्फनी, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली तिची सिम्फनी, उघडा. पार्श्वभूमी अशी: १८९३मध्ये न्यूयॉर्कमध्ये असलेल्या चेक रचनाकार द्वोर्झाकनं सांगितलं, की अमेरिकेचं भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या गीतांवर उभं राहावं. बॉस्टनच्या वर्तमानपत्रानं तिथल्या रचनाकारांची मतं मागवली. बीचनं उत्तर दिलं, की आम्ही उत्तरेकडचे लोक वाडवडिलांकडून आलेल्या इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश गाण्यांकडे वळणं जास्त स्वाभाविक आहे. ही बाजू वादातीत नाही. पण ती नुसती बोलली नाही, आयरिश सुरावटी घेऊन कामाला लागली. ३० ऑक्टोबर १८९६ रोजी एमिल पाउर यांच्या हाताखाली बॉस्टन सिम्फनीनं ही ‘गेलिक’ वाजवली. पहिल्या भागाचं खवळलेलं समुद्रवादळ मात्र तिच्याच ‘डार्क इज द नाइट’ या गाण्यातून आलं आहे. दुसऱ्या भागात ओबो एक आयरिश गीत संथ झुलत्या लयीत म्हणतो, मग तेच गीत तुटून द्रुत लयीत पळतं आणि शेवटी पुन्हा शांत होतं. माझ्या मते सिम्फनीतला सगळ्यात देखणा भाग हाच. चॅडविकनं ऐकून तिला पत्र लिहिलं, की आता तुम्हाला आमच्या पोरांत धरावंच लागेल. ते कौतुक होतं आणि तसंच वाचावं, त्या काळाची मर्यादा त्यात दिसतेच. ऐकण्यासाठी नेमे यार्वी आणि डेट्रॉइट सिम्फनीचं ध्वनिमुद्रण, किंवा केनेथ शर्मरहॉर्न आणि नॅशव्हिल सिम्फनीचं घ्या. दुसऱ्यात अ‍ॅलन फाइनबर्गनं वाजवलेला कॉन्चेर्तोही आहे.

१९१०मध्ये नवरा गेला, १९११मध्ये आई. त्याच वर्षी ती युरोपला निघाली, महायुद्ध सुरू होईपर्यंत जर्मनीत राहिली, तिथे तिची सिम्फनी आणि कॉन्चेर्तो वाजले. परतल्यावर ती फिरून कार्यक्रम करणारी कलावंत झाली.

१९२१पासून तिचे बरेच उन्हाळे पीटरबरोच्या मॅकडॉवेल कॉलनीत, कलावंतांना निवांत काम करायला जागा देणाऱ्या संस्थेत, गेले; मृत्युपत्रात तिनं रचनांचं उत्पन्न याच संस्थेला दिलं. ओपस ९२मधले ‘हर्मिट थ्रश’ या पक्ष्यावरचे दोन तुकडे इथलेच. पक्ष्याची साद जशीच्या तशी, मूळ पट्टीत, फक्त एक सप्तक खाली उतरवली आहे, असं तिनं स्वरलिपीवरच नोंदवलं. तो पक्षी आधी ध्वनिमुद्रणात ऐका, मगच वाजवा. नाहीतर आपण त्याला उगाच मेट्रोनोमवर बसवतो.

एका भागात लिहिलेली ओपस ८९ची स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) सगळ्यात शेवटी ठेवा. १९२१मध्ये हाती घेतलेली ही रचना १९२९मध्ये पूर्ण झाली. हिच्यात उत्तर ध्रुवाजवळच्या इन्यूट लोकांच्या सुरावटी आहेत आणि पोत एकदम विरळ आहे. कॉन्चेर्तोतली जाड स्वरपुंजांची बीच इथे सापडत नाही. या सुरावटी तिच्यापर्यंत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या नोंदींतून पोहोचल्या. त्यामुळे स्कोअर उघडण्याआधी त्या नोंदी काढून बघा: मूळ सुरावट कशी टिपली होती, तिनं काय ठेवलं, काय बदललं, आणि ज्यांची गाणी होती त्यांचा उल्लेख कुठे येतो. प्रबंधाला विषय शोधत असाल, तर मी हा सुचवेन.