गुण वाढत नाहीत? ट्रिगरचा क्रम बघा

सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी स्टोरीलाइन या ई-लर्निंग कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेचा कोर्स बनवत होतो. उत्तर बरोबर दिलं तरी गुण शून्यच! अर्धा दिवस व्हेरिएबल (गुणांचा आकडा साठवणारी जागा) तपासण्यात गेला. चूक माझीच होती, आणि ती क्रमात होती. स्टोरीलाइनमध्ये एका बटणाचे ट्रिगर, म्हणजे 'क्लिक झालं की हे कर' अशा सूचना, पॅनेलमध्ये वरून खाली चालतात. 'पुढच्या स्लाइडवर जा' वर ठेवला, तर स्लाइड आधीच सुटते आणि खालचा 'गुणांत १० मिळवा' तसाच राहून जातो. म्हणून आधी व्हेरिएबल, मग स्टेट (बटणाचं रूप) आणि पुढच्या स्लाइडवरची उडी सगळ्यात शेवटी.

क्लिकवर बटण 'व्हिजिटेड' (बघून झालेलं) करणारा वेगळा ट्रिगर लावू नका. बटणाला ती स्टेट दिलेली असेल तर ती आपोआप लागते. दोन्ही ठेवलं की गोंधळ. 'पुढे' बटण सुरुवातीला डिसेबल्ड (बंद) ठेवा आणि सगळी बटणं व्हिजिटेड झाली की ते नॉर्मल करा. एवढा एक ट्रिगर पुरतो.

आणि हो, महत्त्वाची माहिती हॉव्हरमध्ये, म्हणजे माउस वर नेला की दिसणाऱ्या भागात, दडवू नका. दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउसमधला कामगार कोर्स मोबाइलवर बघणार, तिथे माउस कुठून आणायचा? बटण ४४ बाय ४४ पिक्सेलचं तरी ठेवा, बोटाला तेवढी जागा लागतेच.